दिवा, घड्याळ आणि डबा

१९३७ साली ‘ख्वाब की दुनिया’ हा बोलपट झळकला आणि त्यातल्या वस्तू कोणी हात न लावता हलू लागल्या. ही करामत करणारे बाबूभाई मिस्त्री तेव्हा जेमतेम एकोणिशीचे होते, सुरतेहून मुंबईत आलेले. अंधेरीच्या प्रकाश पिक्चर्सचे विजय भट्ट यांनी त्यांना हॉलिवूडचा ‘द इन्व्हिजिबल मॅन’ पाहायला लावला आणि तसे काही आपल्याकडे जमेल का, असे विचारले. परदेशी स्टुडिओंतली यंत्रे इथे नव्हती. बाबूभाईंनी मागे काळा पडदा सोडला, वस्तूंना काळा दोरा बांधला आणि दिवे असे लावले की दोरा कॅमेऱ्याला दिसू नये. अंधेरीत अदृश्य माणूस वावरू लागला. धंद्यात बाबूभाईंना ‘काला धागा’ हे नाव पडले, ते कायमचे.

मुंबईच्या उपनगरांतल्या अद्भुतपटांचा इतिहास बहुधा नट-नट्यांच्या आणि गाण्यांच्या अंगाने सांगितला जातो. हे चित्रपट ज्या मुलांनी डोळे विस्फारून पाहिले, आणि पुढे ज्या मुलांविषयी ते काढले गेले, त्यांच्या बाजूने पाहिले तर मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. इथल्या मुलाची कल्पना कितीही उंच गेली तरी उतरते ती अन्नापाशी.

स्टुडिओ उपनगरांत आले त्याची कारणे साधी होती. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलला आणि शहरातली ट्रामची खडखड, गिरण्यांचे भोंगे, फेरीवाल्यांचे ओरडणे हे सगळे चित्रीकरणाच्या मुळावर आले. शांत आणि स्वस्त जागा हवी होती. बोरिवलीपर्यंत विजेची लोकल १९२८ सालीच धावू लागली होती, त्यामुळे कामगार आणि तंत्रज्ञ रोज ये-जा करू शकत. १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली, १९४३ साली गोरेगावला फिल्मिस्तान. अंधेरीत प्रकाशनंतर कितीतरी स्टुडिओ आले आणि गेले.

जादूची खरी राजधानी मात्र चेंबूरला झाली. होमी वाडिया यांनी १९४७ साली तिथे बसंत स्टुडिओ उभारला. तेव्हाचे चेंबूर कसे होते हे समजून घेतल्याशिवाय या स्टुडिओचे मोल कळत नाही. कुर्ला-चेंबूर लोहमार्ग १९०६ साली घातला गेला तो मुंबईचा कचरा वाहून नेण्यासाठी. प्रवासी गाडी तिथे १९२४ साली आली. पलीकडे देवनारला १९२७ पासून शहराची घाण टाकली जात होती. फाळणीनंतर चेंबूरच्या छावणीत निर्वासितांची कुटुंबे आली. अशा जागी, लाकूड, प्लास्टर आणि रंगवलेल्या कापडातून बगदादचे घुमट उभे राहू लागले. ‘अल्लाउद्दीन और जादुई चिराग’ १९५२ साली आला, ‘अलीबाबा और ४० चोर’ १९५४ साली, आणि गेव्हाकलरमध्ये रंगलेला ‘हातिमताई’ १९५६ साली. बाबूभाई मिस्त्री आता होमी वाडियांच्या सोबत होते.

ट्रिकसीन करायचे ते कॅमेऱ्यातच. राक्षस आणि माणूस एकाच चौकटीत हवे असतील तर भिंगाचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकायचा, उरलेल्या अर्ध्यावर एक दृश्य घ्यायचे, मग फिल्म तेवढीच उलटी गुंडाळून पुठ्ठा दुसऱ्या बाजूला सरकवायचा आणि दुसरे दृश्य टिपायचे. मधली रेघ दिसली की सगळी मेहनत वाया, आणि ती दिसते की नाही हे फिल्म धुऊन आल्यावरच कळणार. किल्ला उद्ध्वस्त करायचा तर तो टेबलावर मावेल एवढा बांधायचा आणि कॅमेरा वेगाने फिरवून त्याचे कोसळणे संथ करायचे, म्हणजे पडद्यावर तो अवाढव्य वाटतो. आज ही कामे संगणकावर होतात. त्या काळी ती बोटांच्या अंदाजावर होत होती, आणि पिटात बसलेल्या पोरांना त्यातले काहीही खोटे वाटत नव्हते.

समीक्षकांनी या पोषाखी चित्रपटांना कधी वरच्या पंक्तीला बसवले नाही. वितरणाच्या धंद्यात त्यांची गणना खालच्या श्रेणीत होई. हा अन्याय होता. कारण या गोष्टींमध्ये जे होते ते गरिबाच्या घरातून आलेले होते. अल्लाउद्दीनचीच कथा घ्यावी. अठराव्या शतकात अँत्वान गालाँ या फ्रेंच लेखकाने ती हान्ना दियाब या सिरियातल्या कथेकऱ्याकडून ऐकून लिहून काढली. तिचा नायक एका विधवेचा मुलगा आहे. घरात खायला काही नाही म्हणून आई दिवा विकायला काढते, विकण्याआधी घासून लख्ख करू पाहते आणि राक्षस प्रकटतो. त्याच्याकडे पहिली मागणी होते ती महालाची नव्हे, राजकन्येचीही नव्हे. मायलेक जेवण मागतात. चांदीच्या ताटांतून अन्न येते, ते संपल्यावर दोघे ताटे विकून पुढचे दिवस काढतात. महाल, मिरवणूक, राजकन्या हे सगळे नंतरचे.

त्याच वर्षांत, त्याच चेंबूरला, एक पूर्णपणे वेगळा चित्रपट घडत होता. राज कपूर यांच्या आर.के. स्टुडिओचा ‘बूट पॉलिश’ १९५४ साली आला. दिग्दर्शक होते प्रकाश अरोरा. भोला आणि बेलू ही आईवेगळी भावंडे काकीच्या धाकाने भीक मागतात आणि पै पै साठवून बूट पॉलिशचे सामान घेतात. त्यात दिवा नाही, गालिचा नाही. शेजारचा जॉन चाचा (ही भूमिका डेव्हिड यांची) मुलांना गाण्या-गोष्टींतून सांगत राहतो की हात पसरायचे नाहीत, कष्ट करायचे. मुलांना सावरून धरते ती एवढी कल्पनाच: उद्या आपण भिकारी नसू. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि बेलू झालेल्या बेबी नाझचा कान महोत्सवात खास गौरव झाला.

पडद्यावरच्या त्या मुलांचे पुढे काय झाले, हेही या इतिहासाचाच भाग आहे. नाझवर अगदी लहान वयात घर चालवण्याचा भार होता. मोठेपणी तिने छोट्या भूमिका केल्या, आणि हिंदीत नवख्या असलेल्या श्रीदेवीला आवाज दिला. भोला झालेला रतनकुमार त्याआधी १९५३ साली ‘दो बीघा जमीन’मध्येही बूट पॉलिशवाल्या पोरांत मिसळला होता आणि १९५४ सालीच फिल्मिस्तानच्या ‘जागृती’तला अपंग शक्ती झाला होता. दोन वर्षांत त्याचे कुटुंब पाकिस्तानात गेले आणि तिथे त्याने ‘जागृती’चीच नक्कल असलेल्या ‘बेदारी’त काम केले. मुलांच्या कष्टाबद्दल हळहळायला लावणारे हे चित्रपट मुलांच्याच कष्टावर उभे होते. तेव्हा या गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

सरकारने १९५५ साली बालचित्र समिती काढली. केदार शर्मांच्या ‘जलदीप’सारखे तिचे चित्रपट परदेशी महोत्सवांत नावाजले गेले. पुढे सई परांजपे, सुलभा देशपांडे अशा नाटकाच्या मुशीतून आलेल्या मराठी दिग्दर्शिकांनीही समितीसाठी चित्रपट केले. चित्रपट होत राहिले, पण तिकीट काढून पाहायला मिळतील अशा थिएटरांत ते फारसे लागले नाहीत. घाटकोपरच्या ओडियनला किंवा मुलुंडच्या मेहुलला रविवारी जाणाऱ्या मुलाला समितीचा चित्रपट माहीत असायचा तो शाळेच्या हॉलमध्ये खिडक्यांना चादरी लावून दाखवलेला. २०२२ साली समिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

मराठी मुलांची अद्भुताची भूक त्या मधल्या काळात भागवली ती रंगभूमीने. १९५९ साली सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ संस्था १९६२ साली काढली. ‘अलबत्या गलबत्या’तली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण पाहिलेली पिढी आता आजी-आजोबा झाली आहे. २०१८ साली वैभव मांगले तीच चेटकीण होऊन आले, तेव्हा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहापासून मुलुंडच्या कालिदासपर्यंत नातवंडांना घेऊन हीच मंडळी बसलेली होती. चित्रपटांपेक्षा नाटकाने एक गोष्ट जास्त प्रामाणिकपणे केली. चेटकीण समोर उभी असते, दोरे आणि विंग दिसतात, आणि तरीही मूल किंचाळते. विश्वास ठेवायचे काम तिथे मुलाकडेच सोपवलेले असते.

मग १९८७ साली ‘मिस्टर इंडिया’ आला. अंधेरीच्या अदृश्य माणसाला बरोबर पन्नास वर्षे झाली होती. शेखर कपूर यांच्या या चित्रपटातल्या करामती पीटर परेरा यांनी केल्या, त्याही संगणकाशिवाय. खलनायक मोगॅम्बो आणि श्रीदेवीची गाणी यांमुळे हा चित्रपट लक्षात राहिला. त्याचा पहिला भाग पुन्हा पाहिला तर दिसते ते पैशांची चणचण असलेले घर. अनाथ मुलांचा गोतावळा, थकलेले भाडे, वाण्याची उधारी. मुलांना सांभाळणारा अरुण त्यांना उपाशी झोपावे लागू नये म्हणून धडपडतो. हाताला घड्याळासारखे यंत्र बांधून तो अदृश्य होतो, तेव्हा त्याच्या तावडीत सापडणाऱ्यांमध्ये धान्यात भेसळ करणारा आहे. खडे मिसळलेले तेच अन्न त्याला खावे लागते. टाळ्यांचा कडकडाट व्हायचा तो या प्रसंगाला. रेशनच्या तांदळातले खडे वेचत मोठ्या झालेल्या प्रेक्षकांना हा सूड कोणी समजावून सांगावा लागला नाही.

पण एक उणीव राहते. जादू अरुणच्या मनगटावर आहे. मुले तिची लाभार्थी आहेत आणि छोटी टीना तर बॉम्बस्फोटात जाते. सुटकेची कल्पना अजून मोठ्यांच्याच हातात होती. वाडियांच्या बगदादपासून इथपर्यंत मुलाच्या डोक्यात काय चालले आहे, हे कॅमेऱ्याने कधी विचारलेच नव्हते.

ते विचारले ‘तारे जमीन पर’ने, २००७ साली. अमोल गुप्ते आणि दीपा भाटिया यांनी मुळातून उभी केलेली ही गोष्ट आमिर खानने दिग्दर्शित केली. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरातला ईशान अवस्थी पुस्तक उघडतो तेव्हा अक्षरे नाचतात. गणिताच्या पेपरात तीन गुणिले नऊ समोर येते आणि तो अंतराळयानाचा कप्तान होतो. तिसरा ग्रह पृथ्वी नवव्या प्लुटोवर आदळतो, प्लुटोचा चुराडा होतो, म्हणून उत्तर तीन. (प्लुटोला खगोलशास्त्रज्ञांनी ग्रहांच्या पंक्तीतून २००६ सालीच उठवले होते, ईशानच्या डोक्यात तो अजून नववाच होता.) या दृश्यात कल्पना प्रथमच मुलाच्या मालकीची झाली. ती त्याला वाचवत नाही, पेपरात नापासच करते. पण तो मठ्ठ नाही एवढे प्रेक्षकाला आई-बापांच्या आणि शाळेच्या आधी कळते. डिस्लेक्सिया हा शब्द अनेक घरांत या चित्रपटामुळे पोचला. ईशानचे दुःख मोठे आहे, मात्र त्याच्या ताटात जेवण आहे.

जगातल्या सिनेमात मुलाची कल्पना आणि भूक हे दोन प्रवाह एकत्र आलेले दिसतात ते २००६ च्या ‘पॅन्स लॅबिरिंथ’मध्ये. गिएर्मो देल तोरोची ओफेलिया १९४४ च्या स्पेनमध्ये एका क्रूर लष्करी कप्तानाची सावत्र मुलगी आहे. गावाला पाव मोजून मिळतो. नवा झगा चिखलाने माखला म्हणून ओफेलियाला रात्री उपाशी झोपायला पाठवतात, आणि त्यानंतर ती ज्या भूमिगत दालनात उतरते तिथे पक्वान्नांनी भरलेले लांबलचक टेबल मांडलेले असते. काहीही खायचे नाही, अशी ताकीद तिला मिळालेली असते. ती दोन द्राक्षे तोंडात टाकते. त्या दोन द्राक्षांची किंमत फार मोठी पडते. वास्तव आणि कल्पना यांच्या मधली भिंत भूक कशी पाडते, हे इतक्या स्पष्टपणे फार थोड्या चित्रपटांनी दाखवले आहे.

मुंबईने याला जे उत्तर दिले ते पाच वर्षांनी, आणि पुन्हा अंधेरीतून. मे २०११ मध्ये प्रदर्शित झालेला ‘स्टॅन्ली का डब्बा’ चकाल्याच्या होली फॅमिली शाळेत चित्रित झाला आहे. लेखक-दिग्दर्शक अमोल गुप्ते, छायाचित्रण अमोल गोळे यांचे. चौथीतला स्टॅन्ली फर्नांडिस (पार्थो गुप्ते) सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत येतो. चेहऱ्यावर मार दिसतो, त्याची तो एक रंगतदार हकिगत करून सांगतो. मधल्या सुट्टीत डबा नसतो. घरी जेवायला जातो असे सांगून तो रस्त्यावर फिरतो आणि पाणी पिऊन परततो. मित्र आपला डबा पुढे करतात, पण वर्गावर वर्मा सर नावाचे संकट आहे. मुलांच्या डब्यांवर डोळा ठेवून असणारे हे हिंदीचे शिक्षक स्वतः डबा आणत नाहीत. स्टॅन्लीला मात्र सुनावतात, डबा नाही तर शाळा नाही.

स्टॅन्ली काही दिवसांनी डबा घेऊन येतो. डब्याचे थर उघडताना आईने हे कसे केले, ते कसे केले, भाजी कुठून आणली, याचे तो वर्णन करतो. वर्ग ऐकत राहतो, शिक्षिका ऐकत राहतात. त्यानंतर चित्रपट रात्रीकडे वळतो. आई-वडील अपघातात गेलेले आहेत. काकाच्या हॉटेलात स्टॅन्ली टेबले पुसतो, भांडी घासतो, आणि उरलेले अन्न तिथल्या आचाऱ्याच्या मायेने डब्यात भरले जाते. आधीचे सगळे प्रसंग एका क्षणात उलगडतात. जखमेची हकिगत, आईची पाककृती, उशिराने आलेला डबा, सगळे त्याने स्वतः रचलेले.

अल्लाउद्दीनपासून मिस्टर इंडियापर्यंत अन्न आणायला राक्षस किंवा यंत्र लागले. स्टॅन्लीकडे शब्दांशिवाय काही नाही. पडद्यावर एकही ट्रिकसीन नाही, एकही रंगवलेला पडदा नाही, आणि तरीही उपनगरांत घडलेल्या अद्भुतपटांत हा सर्वांत अस्सल आहे. कारण इथे कल्पना मुलाला वास्तवापासून दूर नेत नाही. हॉटेलातले शिळे अन्न तेच राहते. आईचे नाव जोडल्यामुळे ते चारचौघांत मान ताठ ठेवून उघडता येते. स्टॅन्लीच्या बोलण्याला खोटे म्हणावे असे चित्रपट पाहिल्यानंतर कोणाला वाटत नाही. पार्थो गुप्तेला या भूमिकेसाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार ‘चिल्लर पार्टी’तल्या मुलांसह विभागून मिळाला.

कायदा मात्र तेव्हा स्टॅन्लीच्या बाजूने होता. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला, हॉटेलात, ढाब्यावर, चहाच्या टपरीवर ठेवण्याला देशभर बंदी होती. सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१ सालचा. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झालेला. तिन्ही गोष्टी कागदावर असताना अंधेरी-कुर्ला रोडवरच्या कितीतरी हॉटेलांत स्टॅन्लीएवढी पोरे कळकट फडके खांद्यावर टाकून फिरत होती.

हा चित्रपट कसा काढला, हे त्याच्या गोष्टीइतकेच महत्त्वाचे आहे. गुप्ते शनिवारी मुलांच्या कार्यशाळा घेत. दिवसाला मोजके तास, कॅनन कंपनीच्या ७डी या हातात मावणाऱ्या स्थिरचित्रणाच्या कॅमेऱ्यावर चित्रीकरण, दीड वर्षाच्या आसपास. कोणाची शाळा बुडाली नाही. मुले खेळत, वाचत, डबा खात, आणि कॅमेरा त्यांच्या मधेच असे. मोठे दिवे आणि क्रेन नसल्यामुळे मुलांना ‘कामावर’ आल्यासारखे वाटायचे कारणच उरले नाही. आर.के.च्या काळातल्या नाझला हे भाग्य मिळाले नव्हते.

पुढच्या दोन चित्रपटांनी हाच माग धरला. गुप्त्यांच्याच ‘हवा हवाई’त (२०१४) विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा अर्जुन वाघमारे बाप गेल्यावर मुंबईत चहाच्या टपरीवर कामाला लागतो. वांद्रे-कुर्ला संकुलात रात्री श्रीमंत मुले चाकांच्या बुटांवर घसरत असतात, ती तो पाहत बसतो. कचरा वेचणारा, गॅरेजमध्ये राबणारा, जरीकाम करणारा, गजरे विकणारा असे त्याचे सवंगडी भंगारातून त्याच्यासाठी स्केट्स जोडतात. आई झाली आहे नेहा जोशी. २०१६ सालचा मराठी ‘हाफ तिकीट’ हा तमिळ ‘काका मुट्टई’चा अवतार, दिग्दर्शक समित कक्कड. झोपडपट्टीतली दोन भावंडे पिझ्झा पाहतात आणि तो खायचाच, असे मनाशी धरतात. जाहिरातीतला पिझ्झा त्यांच्या कल्पनेत जितका चविष्ट असतो तितका तो प्रत्यक्षात नसतो, हे त्यांना शेवटी कळते. दोन्ही चित्रपटांत मुले कोणा दिव्याची वाट पाहत नाहीत.

जिथे हे सगळे सुरू झाले ते स्टुडिओ आता बहुतेक नाहीत. होमी वाडियांनी बसंत १९८१ साली बंद केला. आर.के. स्टुडिओला सप्टेंबर २०१७ मध्ये आग लागली आणि २०१९ साली ती जमीन गोदरेज प्रॉपर्टीजने घेतली. गोरेगावची चित्रनगरी, १९७७ साली राज्य सरकारने वसवलेली, तेवढी गजबजलेली आहे. मालिकांतली आणि जाहिरातींतली मुले तिथे आजही रोज रंगभूषेच्या खुर्चीत बसतात.

त्यांच्यासाठी नियम आले ते २०१७ साली, बालकामगार कायद्यातल्या आदल्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर. बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग सत्तावीस दिवसांहून अधिक काळ बोलावता येत नाही, शिक्षण खंडित होऊ द्यायचे नाही. मिळकतीतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावाने मुदत ठेवीत ठेवायचा. निर्मात्याला आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. चित्रीकरण अंधेरी, गोरेगाव किंवा चेंबूरला असेल तर तो अर्ज वांद्र्याच्या मुंबई उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. सेटवर मुलांच्या जेवणाची, विश्रांतीची आणि सुरक्षिततेची काय सोय आहे, हे त्या अर्जासोबत लिहून द्यावे लागते.